विल्सनदादांचा हाय बाळ

विल्सन उजागरे यांनी दारूचा थेंबही कधी जिभेवर घेतला नाही, आणि नगरच्या छावणीत त्यांच्याइतका चांगला पेला कोणी भरून देत नव्हतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी त्यांच्या हाताखाली मेसमध्ये अकरा वर्षं वाढप्याचं काम केलं, तेव्हा सांगायचा अधिकार मला आहे. ज्याला पटत नसेल त्याने हलवायाला विचारून यावं, तो स्वतःची जिलेबी किती खातो ते.

माझं नाव पुंजाराम. गाव पारनेर तालुक्यातलं, राळेगणसिद्धीच्या अलीकडे. भाऊ चार आणि जमीन जिरायती, म्हणून मी चौसष्ट साली छावणीत चिकटलो. विल्सनदादा तेव्हा चाळिशीचे होते. उंच, सडपातळ, रंगाने उजळ, डोळे घारे. पांढऱ्या कोटाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. मी त्यांना पहिल्या दिवशी ‘साहेब’ म्हणालो, तर म्हणाले, “साहेब बारच्या खिडकीच्या पलीकडं असतात. अलीकडं आपण.” तेव्हापासून दादा.

चव न घेता हा माणूस काम कसं करायचा, हे सांगायला हवं. ते ऐकून काम करायचे. पेल्यात सोडा ओतला की पेला कानाशी धरायचे. पाक जास्त झाला की सोड्याचा आवाज बसतो म्हणे, आणि बेताचा असला की तो बारीक सळसळत राहतो. गारवा मनगटाच्या आतल्या बाजूने बघायचे, जशा बाया तान्ह्या पोराचं दूध बघतात. लिंबू नाकाने. बाटली उघडून नुसता वास घेतला की सांगायचे, ही स्कॉच आहे, हिला धुराचा वास येतो, आणि ही दुसरी आयरिश, हिला येत नाही. साहेब लोक पैज लावून हरायचे.

न पिण्याचं कारण साधं होतं. दादा भिंगारच्या ख्रिस्ती आळीतले. मिशनच्या शाळेत शिकले आणि बाराव्या वर्षी सगळ्या वर्गाबरोबर कार्डावर सही करून बसले, की जन्मात मद्य घेणार नाही. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी पुढे ते कार्ड कुठे घातलं कोण जाणे. दादांनी ते बायबलात ठेवलं. बाप लहानपणीच हिवतापाने गेलेला. आई छबूबाई साहेबांच्या बंगल्यांवर आया म्हणून राबली आणि तिने याला मोठा केला. तिच्याच ओळखीने बेचाळीस साली दादा मेसमध्ये लागले, तेही बशा धुवायला. बारवर कसे गेले ती गोष्ट पुढे येते.

आता दादांची एक खोड सांगतो. खोड म्हणजे खोटं. आळीत आणि चर्चमध्ये ते सांगायचे की आपण मेसच्या सोडावॉटर खात्यात आहोत. मेसमध्ये असं खातं नव्हतं. मंडळी दारूच्या नावाने बोटं मोडणारी, त्यातून राज्यात दारूबंदी, परमिटवाल्यालाच मिळायची. फौजेच्या मेसला ती लागू नव्हती, पण आळीला हे कोण समजावणार. तेव्हा सोडावॉटर. एका दृष्टीने ते खोटंही नव्हतं, कारण अर्धा पेला सोडाच असतो. मी हे बोलून दाखवलं तर दादा हसले नाहीत.

घरात तिघंच होती. बायको मरिया मुलगी दहा वर्षांची असतानाच गेली, आणि छबूबाईने नातीलाही वाढवलं, जसा लेक वाढवला. मेरी तिचं नाव. एकाहत्तर साली ती वीस वर्षांची होती, मास्तरणीचा कोर्स पुरा केलेला. तिला नेवाशाकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील पाटोळे मास्तर, मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, तालुक्यातल्या दारूनिषेध मंडळाचे सेक्रेटरी. स्थळ चांगलं, मुलगा चांगला, मेरीला पसंत. फेब्रुवारीत मागणीचा कार्यक्रम ठरला. दादा इतके खूश होते, की दोन वेळा मला विनाकारण चहा पाजला.

जानेवारीच्या शेवटी छावणीत जुन्या साहेबांचा मेळावा भरला. विलायतेहून चार-पाच म्हातारे आले. त्यांत एक मॅकग्रा साहेब, आयर्लंडचा, सदुसष्ट वर्षांचा, काठी टेकत चालणारा. मेसच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने काय विचारावं? “विल्सन किधर है? विल्सन का हायबॉल माँगता.” हायबॉल म्हणजे उंच ग्लासातला व्हिस्की-सोड्याचा पेला. आणि हातातल्या पिशवीतून आयरिश व्हिस्कीची बाटली काढून टेबलावर ठेवली.

दादांची त्या दिवशी रजा होती. मेस हवालदाराने मला सायकलवर पिटाळलं. इथे माझ्या जिभेचं सांगितलंच पाहिजे. माझ्या तोंडात ‘ऑ’ बसत नाही. हॉलला हाल, बॉलला बाल, आणि घाईत असलो की बाळ. खिडकीशी उभा राहून मी “दोन हाय बाळ!” अशी ऑर्डर द्यायचो, तेव्हा दादा आतून विचारायचे, “कोणाचं रे?” ही आमची रोजची थट्टा होती. थट्टा घरात राहते तोवर ठीक असते.

मी आळीत पोचलो तर दादांच्या दाराला कडी. शेजारची चांगुणा नळावर हंडा भरत होती. मी सायकलवरूनच एक पाय टेकवून सांगितलं, “दादा आलं की लगीच धाडा. इलायतेवरनं जुना गोरा सायेब आलाय. छबूबाईला बी इचारीत व्हता. हाय बाळ म्हनतोय. इल्सनलाच बोलवा म्हनतोय.” आणि निघालो. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

छबूबाईला साहेबाने खरंच विचारलं होतं. पंचेचाळीस साली त्याला विषमज्वर झाला, तेव्हा शेजारच्या बंगल्यावरच्या या आयाने एकवीस दिवस त्याला तांदळाची पेज करून दिली होती. तो ते विसरला नव्हता. पण चांगुणाला हे कुठून ठाऊक? तिने ऐकलं ते असं, की जुना गोरा साहेब आलाय, छबूबाईची चौकशी करतोय, म्हणतोय बाळ आहे, आणि विल्सनला बोलावतोय. आमच्याकडे ‘हाय’ म्हणजे आहे. शब्द सगळे माझेच होते, एकही तिने पदरचा घातला नाही. म्हणून मी तिला फार दोष देऊ शकत नाही. थोडा देतो.

संध्याकाळी दादा मेसवर आले. साहेबाने त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं आणि “माय बॉय, माय बॉय” म्हणत राहिला. मग दादा खिडकीच्या आत गेले आणि त्यांनी पेला केला. मी शेजारी उभा होतो, म्हणून तो कसा करतात ते नीट सांगतो.

उंच ग्लास आधी बर्फात पालथा ठेवून गार करायचा. बर्फ लादीचा, भुसा धुऊन काढलेला, टोच्याने फोडलेले मोठे खडे. चुरा चालत नाही, चुरा लवकर विरघळतो आणि पेला पांचट होतो. खड्यांनी ग्लास काठापर्यंत भरायचा. व्हिस्की आधी, एक माप. मग तिच्या तिप्पट जिंजर, म्हणजे आल्याचा सोडा, लांब चमच्याच्या दांड्यावरून हळू सोडायचं, म्हणजे बुडबुडे जिवंत राहतात. चमचा एकदाच खालून वर आणायचा. दुसऱ्यांदा ढवळलं की संपलं. शेवटी लिंबाची पातळ साल पेल्यावर पिळायची, रस नव्हे, सालीतलं तेल. बस्स, एवढंच. “इतक्या सोप्या गोष्टीत चुकायला जागा फार असते,” असं दादा म्हणायचे.

हे त्यांना शिकवलं या मॅकग्रा साहेबानेच, बेचाळीस साली. लढाई चालू होती. जिंजर एल नावाचं आल्याचं गोड पाणी विलायतेहून यायचं ते बंद झालं. साहेबाचा जीव कासावीस, कारण ते पाणी पहिल्यांदा त्याच्याच मुलखात, बेलफास्टला झालं, असं तो अभिमानाने सांगायचा. भिंगारच्या सोडा फॅक्टरीत गोटीच्या बाटलीत जिंजर मिळायचं, पण ते पोरांसाठी केलेलं, नुसतं गुळचट. बशा धुणाऱ्या विल्सनने हे ऐकलं आणि आईकडून आल्याचा पाक शिकून घेतला. आलं किसायचं, साखरेच्या पाकात घालून एक दिवस ठेवायचं, मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, वर थोडं लिंबू आणि चिमूटभर मीठ. त्यात गोटीचा साधा सोडा. साहेबाने एक घोट घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून विल्सनचे हात बशांतून सुटले.

हायबॉल हे नाव का, यावर साहेबाकडे तीन गोष्टी होत्या आणि त्या रात्रीच्या जेवणाआधी त्याने तिन्ही पुन्हा सांगितल्या. एक अशी, की अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलला गोळा टांगायचे, तो वर चढला की गाडी सुसाट सोडायची, आणि हा पेलाही तसाच झटपट होणारा. दुसरी अशी, की त्याच्याकडे गोल्फ खेळणारे व्हिस्कीच्या ग्लासाला ‘बॉल’ म्हणायचे, आणि ग्लास उंच म्हणून हाय. तिसरी, की न्यूयॉर्कच्या कोणा बारवाल्याने पुढे येऊन सांगितलं, हा मीच आधी दिला. खरं कुठलं ते त्यालाही माहीत नव्हतं. मग तो थोडा उदास झाला आणि म्हणाला, की एके काळी आयरिश व्हिस्की जगभर जायची, तीनदा गाळलेली, रेशमासारखी, आणि अमेरिकेत दारूबंदी आली त्यात तिचं कंबरडं मोडलं. दारूबंदीचं दुःख आम्हाला वेगळं सांगायला नको होतं, आम्ही मुंबई इलाख्यातले.

बोलता बोलता तो म्हणाला, आपण नगरला पहिल्यांदा आलो ते चोवीस साली, वीस वर्षांचा लेफ्टनंट म्हणून. दोन वर्षं राहिलो. मग पुन्हा चाळीसला. दादांचा जन्म पंचवीसचा, पण तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपने आळीत गेला. म्हाताऱ्या छबूबाईचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे पुसले, दहा मिनिटं बसला आणि पुढच्या दिवशी विलायतेला गेला. आळीने हे सगळं दारादारांतून पाहिलं. कालचा निरोप, आजचे डोळे पुसणं आणि विल्सनचे घारे डोळे. बेरीज करायला वेळ लागला नाही. भिंतीला कान असतात ते ठाऊक होतं, नळाला तोंडही असतं हे मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी चर्चच्या पाळकसाहेबांनी दादांना बोलावून एक पत्र दाखवलं. पाटोळे मास्तरांचं होतं. काही गोष्टी कानावर आल्या आहेत, खुलासा होईपर्यंत मागणीचा कार्यक्रम थांबवावा, एवढाच मजकूर. काय गोष्टी, ते पाळकसाहेबांनी खाली बघत सांगितलं. त्यांनी दादांना विचारलं, तुमचं यावर काय म्हणणं आहे. दादांनी सांगितलं, सांगतो.

त्या संध्याकाळी दादांनी एका मेजरला लिंबाच्या सालीशिवाय पेला दिला. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी आत गेलो तर ते बाटल्यांमागच्या आरशात स्वतःचे डोळे बघत उभे होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी पत्राचं सांगितलं, नळावरच्या बोलण्याचं सांगितलं. ध चा मा माझ्याच तोंडून झाला होता. मी त्यांचे पाय धरले. खरंच धरले, सांगायला लाज नाही. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, “तू बोललास ती तुझी चूक. लोकांनी ऐकलं ते त्यांचं त्यांनी ऐकलं.”

मी म्हणालो, यात अवघड काय आहे, उद्याच जाऊन सांगू की हायबॉल म्हणजे प्यायचा पेला, बाळबीळ काही नाही. दादा म्हणाले, “मग ते विचारतील, तो पेला तुम्हाला कसा माहीत.”

तेव्हा मला पेच कळला. आईचं नाव धुवायचं तर सोडावॉटर खातं बुडणार, आणि ते बुडालं की दारूनिषेध मंडळाचा सेक्रेटरी बारवाल्याची लेक घरात आणणार नाही. गप्प बसावं तर मागणी तशीही थांबलेली, आणि म्हातारीच्या कपाळावर डाग कायमचा. दोन दिवस दादा मधूनच त्या आरशापुढे जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी ग्लास पुसता पुसता म्हणाले, “मेरीला दुसरा मुलगा मिळेल, पुंजाराम. आईला दुसरं नाव कुठून आणू?” हे ऐकून मला जे वाटलं ते अजून तसंच वाटतं. त्या माणसाचा मला अभिमान वाटला.

त्यांनी पाटोळे मास्तरांना पत्र धाडून बोलावलं. रविवारी उपासना आटोपल्यावर दुपारी मास्तर, त्यांची बायको मनकर्णाबाई आणि पाळकसाहेब दादांच्या घरी आले. मीही गेलो, कारण घाण माझी होती. पुढच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी छबूबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीपुढची, ऐकायला चांगलं यायचं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. दादांनीच मला बजावलं होतं, आईच्या कानावर काही जाऊ देऊ नको. ती समजत होती, पाहुणे मागणीचं बोलायला आलेत.

आधी मी उठलो आणि हळू आवाजात, म्हातारीचं नाव न घेता, माझ्या जिभेची हकीकत सांगितली. मास्तर कोरड्या चेहऱ्याने ऐकत होते. असा काही पेला असतो हे त्यांना पटेना. शब्दावर शब्द बसवून केलेली पळवाट वाटली असावी, आणि त्यांच्या जागी मलाही वाटली असती. मग दादांनी मेरीला हाक मारली. ती ताट घेऊन आली. उंच ग्लास, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, गोटीच्या सोड्याची बाटली, आल्याचा पाक, लिंबू, आणि एका वाटीत गार केलेला कोरा चहा. घरात व्हिस्की आणणं कायद्यातही बसत नव्हतं आणि दादांच्या बायबलातही.

दादांनी उभ्या उभ्या पेला केला. बर्फ भरला, वर एक माप चहा, मग पाक, आणि गोटी दाबून चमच्याच्या दांड्यावरून सोडा. चमचा एकदा खालून वर. लिंबाची साल पिळली. सवयीने पेला कानाशी नेला आणि ऐकला. मग मास्तरांपुढे धरून म्हणाले, “याला हायबॉल म्हणतात. साहेब हा मागत होता.”

मास्तरांनी घोट घेतला. चांगला लागला असणार, कारण दुसरा घेतला. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, “मेसमध्ये हा कोण करतं?”

“मी.”

“चहा घालून?”

“नाही. व्हिस्की घालून. एकोणतीस वर्षं.”

 मेरी ताट धरून तशीच उभी होती. तिला बहुधा आधीपासून ठाऊक होतं, पोरींना बापाचं सगळं ठाऊक असतं. मनकर्णाबाईंनी विचारलं, तुम्ही घेता का. दादा म्हणाले, चव माहीत नाही. मग खोटं का बोललात, त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, “लाज वाटत होती.”

पाटोळे मास्तर उठले. माणूस करडा होता, पण न्यायी होता हे कबूल करतो. ते म्हणाले, बाईंच्या नावाचा प्रश्न मिटला, नेवाशात जो कोणी बोलेल त्याचं तोंड मी बंद करीन. पण तुम्ही आम्हाला फसवलंत, त्याचा विचार करावा लागेल. पाळकसाहेब त्यांच्याबरोबर निघाले. पुढचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला नको. चार महिन्यांनी मनकर्णाबाईंच्या हट्टाने लग्न झालं, चांगलं झालं. पण त्या दुपारी यातलं कोणालाच माहीत नव्हतं. दादांनी पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवलं, परत आले आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं, लेकीचं स्थळ घालवून आईचं नाव राखलं, आता निदान हा माणूस दोन घास सुखाने खाईल.

छबूबाईने सूप बाजूला ठेवलं. “इल्सन, ह्ये काय चाललं व्हतं? माज्या नावाला काय झालंय?”

 मीच घाबरत घाबरत सांगितलं. साहेब, त्याचं चोवीस साल, निरोप, नळ, घारे डोळे, सगळं. मला वाटलं म्हातारी रडेल नाहीतर शिव्या देईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“ह्यो सायेब चोवीस साली आला म्हनता. तवा मी भिंगार बघितलं बी नव्हतं,” ती म्हणाली. “मी घोडेगावला नांदत व्हते. ह्यो इल्सन तितंच झाला. बाप ह्याचा बाजारात बैलं हाकायचा. त्यो गेल्यावर मी हितं आले, तवा ह्यो तीन वर्साचा व्हता, आन सायेब गेल्याला व्हता. घोडेगावच्या पाळकाचा दाखला हाय माज्या ट्रंकंत, बाप्तिस्म्याचा, तारखंसकट. आन डोळं म्हनाल तर ह्याची आजी, बनुबाई, मांजरावानी घारी व्हती. आक्क्या घोडेगावला ठाव हाय.”

दादांनी वर पाहिलं. पहिली आठवण बंगल्याची, म्हणून आपण तिथलेच असं ते धरून चालले होते. आई कुठून आली, कधी आली, हे शेहेचाळीस वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. ट्रंक त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर होती. तो एक कागद मास्तरांच्या हातात दिला असता तर ग्लास, बर्फ, चहा, कशाचीच गरज नव्हती आणि सोडावॉटर खातंही शाबूत राहिलं असतं.

“पाळकाला इचारलंस,” छबूबाई म्हणाली. “ह्या पुंजारामाला इचारलंस. नेवाशाची मानसं बोलावलीस. मी हितं घरात बसल्याली. मला का न्हाई इचारलंस?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून,” दादा म्हणाले.

 मी उठायला हवं होतं, पण उठता येईना.

“खरं सांग. तुला वाटलं व्हतं का, आसंल म्हनून?”

दादा आयुष्यात एकच खोटं बोलले होते आणि ते त्यांनी तासाभरापूर्वी संपवलं होतं. दुसरं त्यांना जमलं नाही.

“व्हय,” ते म्हणाले. मेसमध्ये, चर्चमध्ये ते कधी ‘व्हय’ म्हणायचे नाहीत. “दोन दिवस वाटलं.”

छबूबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “नेवाशाच्या मास्तराला एका घोटात पटलं,” ती म्हणाली, आणि मेरीला म्हणाली, चूल पेटव, भात टाकायचाय.